उपवासकाळात बंद ठेवलेल्या बंदुका

सांता फिलोमेना वस्तीत शाळेच्या फाटकापासून चौथं घर आलिंग इतासचं, म्हणजे इतासबाईचं. पुढच्या खोलीत ओळीने सात कॉम्प्युटर मांडलेले. फटीत नाणं टाकलं की काही मिनिटं चालायचे आणि वेळ संपली की ऐन रंगात आलेल्या पोराच्या तोंडावर काळा पडदा टाकायचे. त्यांच्या बरोबर वर, भिंतीतल्या कोनाड्यात पवित्र मरियेची मूर्ती, गळ्यात रोजचा ताजा मोगऱ्याचा हार, पुढे विजेचा लाल दिवा. वर माउलीचे पसरलेले हात आणि खाली सात पोरं बंदुका घेऊन एकमेकांच्या जिवावर उठलेली. परगावच्या माणसाला हे बघून हसू यायचं. वस्तीतल्या कुणाला त्यात वावगं वाटत नसे, कारण त्या खोलीत कायदा इतासचा होता.

अंगावर शाळेचा गणवेश असेल तर खुर्ची मिळणार नाही. जेवून न आलेल्याने आधी स्वयंपाकघरात जाऊन भात खायचा. तोंडातून शिवी गेली तर उभं राहून 'नमो मरिया' ही प्रार्थना एकदा म्हणायची, तीही शेजारच्या न्हाव्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. आणि संध्याकाळी सहाला चर्चची घंटा झाली की सगळ्यांनी हात खाली घेऊन उभं राहायचं आणि देवदूताची प्रार्थना म्हणायची. पडद्यावर बंदुका तशाच रोखलेल्या.

"निनांग, तोवर तो मला मारेल ना!" एखादा कळवळून ओरडायचा.

"मर. प्रार्थनेत मेलास तर थेट स्वर्गात जाशील. मधे कुठे थांबावं लागायचं नाही."

निनांग म्हणजे धर्मआई. वस्तीतली सगळीच पोरं तिला निनांग म्हणत. तिचं स्वतःचं मूल मात्र एकही जगलं नव्हतं. दोन झाली, दोन्ही महिन्याच्या आत गेली. तिसऱ्याची वाट बघता बघता वय निघून गेलं. नवरा अंबो मालवाहू जहाजावर आचारी. वर्षातले दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. त्या दोन महिन्यांत तो स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचा आणि इतास त्याने केलेल्या प्रत्येक पदार्थाला "मीठ कमी" म्हणून त्याच्यावर सूड उगवायची. हे कॉम्प्युटर त्याच्याच कमाईतले. "घरात आवाज पाहिजे," असं तो म्हणाला होता. घरात कशाचा आवाज नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यावर जास्त बोलणं झालं नाही.

दुकान उघडल्याच्या पहिल्याच वर्षी अंबोच्या जहाजाच्या इंजिनात आग लागली. तीन दिवस बातमी नाही. इतास कोनाड्यासमोर गुडघे टेकून बसली. काय सोडू, असं तिने माउलीला विचारलं. उपवासकाळात मांस तर सगळेच सोडतात, त्यात काय मोठं. मग तिची नजर खाली, त्या सात पडद्यांवर गेली. दुकान गोळीबाराच्या गेमवर चालायचं, बाकी गेमना कोण विचारतो? तिने नवस बोलला: अंबो परत आला तर दर वर्षी उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, या खोलीत एकही बंदूक दिसणार नाही.

अंबो परत आला, एक हात भाजलेला, पण धडधाकट. तेव्हापासून आठ वर्षं नवस चालू होता. राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ती घरी यायची, दारावर जांभळ्या पुठ्ठ्याची पाटी लावायची, "ईस्टरपर्यंत बंदुका बंद", आणि एकेक कॉम्प्युटरवरून ते गेम काढून टाकायची. मग चाळीस दिवस पोरं गाड्या पळवायची, फुटबॉल खेळायची, नाहीतर शेती करायची. एरवी वीस जणांना लोळवणारा चौदा वर्षांचा दांडगट पोरगा "निनांग, माझी गाय आजारी पडली गं" म्हणून रडकुंडीला यायचा. धंदा निम्म्यावर यायचा. इतासला त्याचं काही वाटत नसे. नवस म्हटल्यावर तो दुखला पाहिजे, नाहीतर त्याला नवस कोण म्हणेल.

या सगळ्या पोरांत तिचा खरा धर्मपुत्र एकच, जेपोय. त्याची आई, वेंग मालाबानान, शाळेत शिक्षिका. बाप्तिस्म्याला इतासने जेपोयला हातावर धरलं त्या दिवसापासून दोघी एकमेकींच्या कुमारे झाल्या. हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जवळचं मानतात, कारण बहीण देवाने दिलेली असते आणि कुमारे आपण निवडलेली. वेंगने इतासला निवडलं तेव्हा इतास आठ दिवस जमिनीवर नव्हती. शिकलेली बाई, पंधरा वर्षांनी लहान, आणि आपल्या पोटच्या गोळ्यासाठी तिने इताससारख्या मेणबत्त्या विकणाऱ्याच्या मुलीला निवडलं!

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी हीच वेंग इतासच्या स्वयंपाकघरात तोंडात रुमालाचा बोळा कोंबून रडली होती. तिचा नवरा रोदेल बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. दिवसा झोपायचा. बाहेर त्याच्यासारखा गोड माणूस नाही; गुड फ्रायडेला प्रभूचा रथ ओढायला पहिला खांदा त्याचा. पण झोपेतून उठवलं की तो माणूस राहत नसे, आणि घरात सकाळपाळीची शाळा सुटून आलेलं मूल असलं की झोप मोडायचीच.

"तू शाळेत सांग. मोठ्या बाईंना सांग," इतास म्हणाली होती.

"काय सांगू? की दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावणारीच्या घरात पट्टा चालतो? माझी नोकरी राहील, कुमारे? त्याची राहील?" वेंगने तिचा हात धरून कोनाड्यापाशी नेला, माउलीच्या पावलांवर टेकवला. "कुणालाही सांगणार नाहीस म्हण."

इतासने म्हटलं. त्याच दिवशी ठरलं की शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत, वेंगची दुपारपाळी संपून रोदेल कामावर जाईपर्यंत, जेपोयने घरी जायचंच नाही. कोपऱ्यातली सातवी खुर्ची त्याची झाली. त्याच्या कॉम्प्युटरला नाणं लागत नसे. साडेबाराला यायचा, गणवेश बदलायचा, भात आणि अडोबोचं आंबट कालवण खायचा, बशी धुऊन ठेवायचा आणि बसायचा. बोलायचा कमी. प्रार्थनेला मात्र सगळ्यांच्या आधी उभा.

त्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या तारखेला, सोमवारी, जेपोयला अकरा वर्षं पूर्ण झाली. उपवासकाळ चालू होता. वाढदिवस म्हणून इतासने लांब शेवया करून ठेवल्या होत्या, आयुष्य लांब व्हावं म्हणून करतात तशा. तो आला, खुर्चीवर बसताना कळवळला आणि अर्धवट उभा राहिला. अर्ध्या चड्डीखाली दोन्ही पोटऱ्यांवर पट्ट्याचे जांभळे वळ होते. रविवारी इतासचं दुकान बंद असायचं.

तिने खोबरेल लावलं. काही विचारलं नाही. तोच म्हणाला, "निनांग, आज एकदाच खेळू दे ना. बंदुकीचं. फक्त आज."

"नवस आहे रे बाळा."

"माझा वाढदिवस आहे."

वळांचं काही करणं तिच्या हातात नव्हतं; शपथेने हात बांधलेले होते. जे हातात होतं ते तिने केलं. बाकीची पोरं यायच्या आत सातव्या कॉम्प्युटरवर तो गेम परत चढवला, वर कोनाड्याचा पडदा ओढून घेतला आणि म्हणाली, "अर्धा तास. माउली, तू बघू नकोस." अर्धा तास जेपोय मन लावून माणसं मारत होता आणि ती शेजारी उभी राहून जपमाळेचे मणी ओढत होती. मग तिने गेम काढून टाकला. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेआधी पापकबुली द्यायची, असं मनाशी ठरवलं.

पण शुक्रवारीच ते घडलं. शाळेच्या मागच्या पटांगणात जेपोयने बिबोय नावाच्या वर्गमित्राला मारलं. बिबोय मासे विकणाऱ्या देलियाचा मुलगा. कशावरून झालं ते नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही; एकजण म्हणे जेपोयच्या चालण्याची नक्कल केली, दुसरा म्हणे रांगेत ढकललं. जेपोयने कमरेचा पट्टा काढला, मुठीला दोन वेढे दिले आणि बकलाच्या बाजूने मारत सुटला. कँटीनवालीने धावत जाऊन ओढलं तोवर बिबोयच्या डोक्याला चार टाके पडण्याइतकी खोक पडली होती. आणि कँटीनवालीने सगळ्यांना सांगितलं, "मारताना तो एकच शब्द ओरडत होता. हेडशॉट! हेडशॉट!"

हा एक शब्द, गेममध्ये डोक्यात गोळी बसली की ओरडतात तो, संध्याकाळपर्यंत वस्तीभर झाला. हा शब्द कुठून येतो हे सगळ्यांना माहीत होतं. शाळेच्या फाटकापासून चौथ्या घरातून.

देलियाने वस्तीच्या तंटा समितीकडे तक्रार दिली. वेंग-रोदेलविरुद्ध आणि इतासविरुद्धही. पुढच्या शुक्रवारी दुपारी सुनावणी ठरली. इतासने दिवस मोजले. नवस मोडला आणि चौथ्या दिवशी रक्त सांडलं. माउलीने पडद्याआडून बघितलं होतं तर.

गुरुवारी वेंग जेपोयला न्यायला आली तेव्हा तिने इतासला मिठी मारली.

"कुमारे, घाबरू नकोस गं. उद्या तू एवढंच सांग, उपवासकाळात माझ्याकडे बंदुकीचे गेम नसतात. दारावर पाटी आहेच. मीही तेच सांगते. मग पोरांची मारामारी म्हणून मिटेल, औषधाचं आम्ही बघू. आपण दोघी एक असलो तर कोण काय करतंय?"

इतासला वाढदिवसाचा अर्धा तास सांगायचा होता. पण वेंगचे हात खांद्यावर होते आणि "आपण दोघी एक" हे शब्द कानात. ती मान डोलावून राहिली. रात्रभर तिला वाटत राहिलं, देवाने आपल्याला मूल दिलं नाही, पण बहीण दिली.

सुनावणीला मध्ये लांब टेबल, टेबलावर लाकडी क्रूस, मागे समितीचे पाचजण. प्रमुख वस्तीचा मुखिया, कपितान बेनितेझ. प्रत्येक बैठक प्रार्थनेने सुरू होते, आणि वस्तीत प्रार्थना म्हणायची तर सवयीने सगळ्यांच्या माना एकीकडेच वळतात. कपितान बोलून गेला, "आलिंग इतास, म्हणा." मग त्याच्या लक्षात आलं की जिच्यावर तक्रार आहे तीच ही बाई. पण तोवर इतास उभी राहिली होती.

"प्रभू, आमच्या जिभेवर फक्त सत्य राहू दे," ती म्हणाली. दर वेळी हेच म्हणायची.

देलियाने बिबोयला पुढे उभं केलं. डोक्याला पांढरी पट्टी. "बघा! माझ्या पोराचं काय केलंय बघा! हा शब्द मासळी बाजारात शिकतात का? माझ्या गाड्यावर शिकतात? त्या बंदुकांच्या खोलीत शिकतात. पोरं बसतात तिथे तासन् तास, डोळे लाल करून, आणि वरून ही बाई जपमाळ ओढते."

"देलिया, मासळी बाजारात तुझ्या तोंडून काय काय शिकायला मिळतं ते राहू दे आता," मांग इस्को म्हणाला. मांग म्हणजे काका; हा म्हातारा न्हावी, इतासचा शेजारी, समितीतला सगळ्यात जुना माणूस. "मला एक सांगा कपितान. दर रविवारी आपण कोंबड्यांच्या झुंजीला जातो. तुमच्या कोंबड्याच्या पायाला सुरी कोण बांधतं?"

कपितान खाकरला. "नातू बांधतो. त्याचा हात बारीक आहे."

"वय?"

"नऊ. पण ते वेगळं आहे, इस्को. ती आपली परंपरा आहे."

"परंपरेच्या रक्ताचा रंग वेगळा असतो होय? तिथे खरं रक्त, खरा जीव, आणि पोरगं टाळ्या वाजवतं. त्याने अजून कुणाला सुरी मारली नाही ना? मग चित्रातल्या बंदुकीने काय होणार?"

"तो नातू शेजारणीचं मांजर टांगायला निघाला होता, ते आपण विसरलो वाटतं," मागून कोणीतरी बोललं आणि सगळी खोली हसली. कपितान सोडून.

"हसा!" देलिया किंचाळली. "टाके माझ्या पोराला पडलेत. तुमच्या मांजराला नाही."

खुद्द इतासलाही हसू आलं होतं आणि त्याची तिला लाज वाटली. खरं काय ते तिलाही कळत नव्हतं. आठ वर्षं तिने शेकडो पोरं त्या खुर्च्यांवर बघितली होती. त्यातली बहुतेक दमून, भूक लागून, आईच्या हाका ऐकून निमूट घरी गेली. पण हेडशॉट हा शब्द तिच्याच छपराखाली शिकलेला होता, हे नाकारायची तिची छाती नव्हती. आणि पट्टा मुठीला दोन वेढे देऊन बकलाच्या बाजूने धरायचा असतो, हे कुठल्या गेममध्ये दाखवतात? तिने वेंगकडे बघितलं. वेंग मांडीवर एक फाईल धरून बसली होती. रोदेल आलाच नव्हता, झोपला होता. जेपोय आईशेजारी नजर फरशीला लावून बसलेला.

"आलिंग इतास," कपितान म्हणाला, "तुमचं काय म्हणणं?"

इतासने दारावरची जांभळी पाटी काढून बरोबर आणली होती. ती टेबलावर ठेवली. नवसाची गोष्ट सगळ्यांना ठाऊकच होती. "राखेच्या बुधवारपासून माझ्याकडे बंदुका बंद आहेत. दर वर्षी असतात."

"हे खरं आहे," मांग इस्को म्हणाला. "माझा नातू चाळीस दिवस टोमॅटो लावतो."

कपितानने मान हलवली. कागदावर काहीतरी लिहिलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसत होतं. घरी जाऊन कोंबड्यांना दाणे घालायची वेळ झाली असावी. "म्हणजे घटना घडली तेव्हा दुकानात असा गेम नव्हता. बरोबर? एकदाही नाही?"

शेवटचं त्याने लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं होतं. "नाही" म्हटलं असतं तर मिटलं असतं. टेबलावर क्रूस होता, आणि जिभेवर सत्य राहू दे असं आपणच मघाशी मागितलं होतं. त्याहूनही, तिला वाटलं, वेंग इथे आहे. मी माझा अर्धा भाग उघडा केला तर ती तिचा करील. वळांचं ती सांगेल. शपथ तिने घातली आहे, ती तिला सोडवता येते. मग पोराच्या पोटऱ्या एकदा सगळे बघतील आणि हे सगळं खरोखरच मिटेल.

"एकदा," इतास म्हणाली. "दोन तारखेला. जेपोयचा वाढदिवस होता. अर्धा तास."

देलियाने श्वास आत ओढला. कपितानचं पेन थांबलं.

"का?"

इतासने पुन्हा वेंगकडे बघितलं. सांग, कुमारे. का दिला ते तू सांग. तिने इतका वेळ बघितलं की शेवटी इतरही वेंगकडे बघायला लागले.

वेंग उठली. "मला हे माहीत नव्हतं," ती म्हणाली. आवाज शिक्षिकेचा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "मी माझं मूल त्याच्या धर्मआईकडे विश्वासाने ठेवलं होतं. मी दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळते, वाटायचं माझं सुरक्षित आहे. स्वतःच्या नवसाची जिला पर्वा नाही, तिला मी काय बोलू?" आणि तिने फाईल उघडली. "शाळेतले शिक्षक आणि पालक यांचा हा अर्ज आहे. अशा दुकानांत अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश बंद करावा. त्रेसष्ट सह्या आहेत."

अर्ज समितीत हातोहात फिरला आणि मिळाल्याची सही करायला इतासपुढे आला. अर्जाची कचेरीतली भाषा कळायला तिला वेळ लागायचा, पण आकडे लगेच वाचता येत. वरच्या कोपऱ्यात तारीख होती. नऊ मार्च, सोमवार. पहिली सही रोवेना मालाबानान, म्हणजे वेंग.

सोमवार. आणि गुरुवारी हिने मला मिठी मारली. सोमवार, मंगळवार, बुधवार ही सह्या गोळा करत होती आणि रोज संध्याकाळी सहाला माझ्या दारात येऊन "जेवला का गं?" विचारत होती. इतासच्या हातातून पेन निसटलं. मांग इस्कोने उचलून दिलं. जेपोयने मान वर केली, निनांगकडे बघितलं, आणि तोंड उघडून मिटलं. आईचा हात त्याच्या गुडघ्यावर होता.

आता बोलावं, असं इतासला वाटलं. एक वाक्य पुरे होतं. पण जी नवस मोडून बसली आहे तिने आता शपथही मोडली, तर तिच्या शब्दाला कोण विचारणार? सुडाने बोलते म्हणतील. तिने सही केली.

दुकान बंद करा असं कोणी म्हटलं नाही. अठरा वर्षांखालच्यांना बंदी, एवढंच. सातही खुर्च्या रिकाम्या झाल्या. रविवारच्या मिस्सेत नेहमी इतास वाचन करायची, त्या जागी दुसरीला उभं केलं; फादर म्हणाले, "थोडे दिवस, इतास. लोक बोलतात." अंबोचा जहाजावरून फोन आला.

"तू खरं बोललीस ना?"

"हो."

"मग रडतेस कशाला?"

काय सांगणार त्याला? खरं बोलण्याचं दुःख नव्हतं. आपण एकटीच बोललो याचं होतं. आणि वेंगने हे घाबरून, ऐन वेळी केलं असतं तर इतासने तिला कधीच माफ केलं असतं. भीती तिला कळत होती. फाईल कळत नव्हती.

सोमवारी साडेबाराला ती स्वयंपाकघरात बसली होती. पुढचं दार बंद. मागच्या दाराची कडी हळूच वाजली. बाहेर जेपोय उभा, दप्तर छातीशी धरून.

"इकडून कसा आलास रे?"

"मम्मी म्हणाली, मागच्या दाराने जा. कुणाला दिसू नकोस. सहापर्यंत बस म्हणाली. कॉम्प्युटरला हात लावणार नाही मी."

इतासला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग हसायलाच आलं. म्हणजे सकाळी माझ्याविरुद्ध सह्या, आणि दुपारी मागच्या दाराने माझंच ताट. तिला घर पाहिजे, घराची मालकीण नको.

तिने त्याला आत घेतलं, वाढलं. तो जेवला, बशी धुतली. पाठमोरा उभा असताना तिला दिसलं की पोटरीवरचे जुने वळ पिवळे पडले आहेत आणि त्यांच्यावर दोन नवे उठले आहेत. काल रविवार होता.

इतास उठली. कोनाड्यापुढे गेली, ज्या पावलांवर शपथ घेतली होती त्यांना हात लावला. "शपथ मोडते, माउली. त्याचं काय प्रायश्चित्त द्यायचं ते मला दे, त्याला नको." मग तिने पुढच्या दाराची कडी काढली, दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि जेपोयचा हात धरून रस्त्यावर आली.

वस्तीच्या कचेरीत बायका-मुलांच्या तक्रारींचं वेगळं टेबल आहे. तिकडे जायचा रस्ता शाळेवरून. दुपारपाळी भरली होती. रस्त्याकडेच्या वर्गात वेंग फळ्यापाशी उभी होती, हातात खडू. तिने खिडकीतून आधी मुलाला बघितलं, मग इतासला, मग ती कुठल्या दिशेने चालली आहेत ते.

"कुमारे!" ती खिडकीच्या गजांना येऊन भिडली. मागे चाळीस पोरं उभी राहून बघायला लागली. "कुमारे, थांब! कुठे नेतेस त्याला? तू शपथ घेतली होतीस!"

इतास थांबली नाही. पण चालता चालता तिने स्वतःला विचारलं, दुकान चालू असतं, अजून वाचनाला उभी राहत असते, तर मी आज या रस्त्याला लागले असते का? दोन वर्षं नव्हते लागले. दोन वर्षं खोबरेल लावलं आणि खेळायला बसवलं. त्यातला राग किती आणि पोराची माया किती, हे तिला वेगळं करता येईना. देवाला येत असेल.

"निनांग," जेपोय हात ओढत म्हणाला, "मी मागच्या दाराने आलो म्हणून रागावलीस का? उद्यापासून येतच नाही ना मी. घरी नको सांगू. नको ना."

"त्यासाठी नाही रे बाळा."

"मग कशाला?"

तिने खाली वाकून त्याच्या पोटरीला बोट लावलं. त्याने पाय झटकन मागे घेतला.

कचेरीतल्या त्या टेबलावर कोणी नव्हतं. बाई जेवायला गेल्यात, दीडला येतील, असं शिपायाने सांगितलं. भिंतीलगत लांब बाकडं होतं. इतास एका टोकाला बसली आणि शेजारची जागा हाताने पुसून दिली. जेपोय पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, तिच्याकडे पाठ करून, दप्तर मांडीवर उभं धरून. मधे चार माणसं बसतील एवढी जागा. दोनदा तिने त्याला हाक मारली, दोन्ही वेळा त्याने मान वळवली नाही.

दार उघडंच होतं. तो उठून गेला मात्र नाही.